उधारीचं मीठ आणि फसलेला ट्विस्ट

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून वीस बाजूंच्या फाशावर खेळायचा गोष्टीचा खेळ. डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र खेळतात; त्या पात्रांची टोळी म्हणजे पार्टी आणि बरेच दिवस चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन. त्यावरचा प्रश्न असा आहे: "ताई, आठ रविवार चाललेल्या माझ्या कॅम्पेनचा मागच्या आठवड्यात शेवट झाला आणि सगळं बिनसलं. आचार्यांनी पार्टीला चार मुद्रा शोधायला पाठवलं होतं, पाताळाचं दार बंद करायला. शेवटी तेच खलनायक निघतात, मुद्रा त्यांना दार उघडायला हव्या असतात, हा माझा ट्विस्ट. कोणी चकित झालं नाही, सगळे चिडले. एकजण म्हणाला, तिसऱ्या रविवारी मी इनसाइटवर, म्हणजे समोरच्याचा हेतू ओळखायच्या रोलवर, एकोणीस आणले होते, तेव्हा तूच म्हणालीस की ते खरं बोलताहेत. दुसऱ्याने शेवटच्या लढाईत पहिल्याच टर्नला बॅग ऑफ होल्डिंग (आतून प्रचंड मोठी असलेली जादूची पिशवी) पोर्टेबल होलमध्ये (बरोबर नेता येणाऱ्या जादूच्या खड्ड्यात) घालून आचार्यांना उडवायचं ठरवलं. मी घाबरून म्हटलं, इथे ते चालत नाही. वेणा नावाचं पात्र खेळणारी मैत्रीण आधीच नाराज होती, कारण सहाव्या आणि सातव्या रविवारी आचार्यांच्या तोंडून मी तिचं नाव चुकून 'वीणा' घेतलं. ट्विस्ट जमवायचा कसा? आणि हुशार खेळाडूंना आवरायचं कसं?"

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते. हुशार खेळाडूंना आवरायचं नाही. कोणी शक्कलच लढवत नाही अशा टेबलावर डीएमने काळजी करावी, तुझ्याकडे तर ती माणसं आहेत. तुझे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात. खेळाडूंनी काहीतरी केलं होतं आणि तू ते पुसून टाकलंस. एकोणीसचा रोल पुसला, पिशवीची युक्ती पुसली, आणि ट्विस्टने तर आठही रविवार पुसले. कलाटणीने मागच्या गोष्टींचा अर्थ बदलावा, पण घडलेलं रद्द होता कामा नये. मी २००९ पासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घराच्या वरच्या खोलीत खेळ चालवते. माझे जेवढे ट्विस्ट पडले, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी मला हेच सापडलं.

तिसऱ्या रविवारापासून सुरुवात करू. आचार्य खलनायक हे तेव्हाच ठरलं होतं ना? मग एकोणीसला "खरं बोलताहेत" असं सांगणं म्हणजे त्या मुलाच्या हातातला फासा काढून घेणं. तेवढ्यासाठी सगळं गुपित फोडायची गरज नव्हती. इनसाइट मनातलं वाचत नाही, माणसाच्या हेतूचा अंदाज देते. तू म्हणू शकली असतीस, "सांगताहेत ते शब्द न् शब्द खरं आहे, पण दाराचा विषय निघाला की 'बंद' हा शब्द त्यांच्या तोंडून येत नाही." बस. त्याच्या एकोणीसचं काहीतरी त्याच्या पदरात पडलं असतं, आणि शेवटी दार उघडताना तोच शब्द आठवून त्याने कपाळावर हात मारून घेतला असता.

मी एक गोष्ट काटेकोरपणे पाळते. पात्राच्या तोंडून येणारं काहीही खोटं असू शकतं, डीएमच्या आवाजात येणारं नाही. खोलीचं वर्णन, फाशाचा निकाल, नियमाचा अर्थ हा माझा आवाज. तो एकदा खोटा पडला की खेळाडूंच्या पायाखालची जमीनच जाते, मग ते प्रत्येक वाक्याला तीनदा प्रश्न विचारतात आणि एका खोलीत दोन तास जातात. मूर्ती बोलते, राजा बोलतो, सराईवाला बोलतो, त्यांना हवं तेवढं खोटं बोलू दे.

आणि खोटं न बोलता फसवण्याची कला आपल्याला काही नवी नाही. "नरो वा कुंजरो वा" म्हणणाऱ्या धर्मराजाला झोन ऑफ ट्रुथमध्ये उभं केलं असतं तरी तो सहज सुटला असता. ते स्पेल जाणूनबुजून खोटं बोलू देत नाही. उत्तर टाळू देतं, अर्धवट बोलू देतं. समोरचा स्पेलच्या कचाट्यात सापडलाय की निसटलाय हे टाकणाऱ्याला कळतं, पण कचाट्यातल्याने कोणता शब्द गिळला हे मात्र स्वतः ऐकावं लागतं. नव्या डीएमना या स्पेलची भीती वाटते, म्हणून ते तडकाफडकी खलनायकाला जादूचं लॉकेट वगैरे देऊन ते निष्फळ करतात. तसं करू नकोस. त्या रविवारी येण्याआधी घरी बसून खलनायकाची पाच-सहा वाक्यं लिहून आण, प्रत्येक वाक्य खरं आणि तरी दिशाभूल करणारं. माझा कित्येक शनिवारी संध्याकाळचा वेळ यातच जातो.

यातलाच एक प्रकार मला फार आवडतो: प्रामाणिक साक्षीदार, ज्याला स्वतःलाच चुकीचं माहीत आहे. स्पीक विथ डेडमध्ये प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात आणि प्रेताला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच ते सांगतं. एका कॅम्पेनमध्ये मी एका सराफाचा खून ठेवला होता. प्रेत म्हणालं, "माझ्या भावाने मारलं." खेळाडूंनी भावाला धरून कोतवालाच्या हवाली केलं. प्रेत खोटं बोललं नव्हतं, त्याने अंधारात भावाचाच चेहरा पाहिला होता. फक्त गळ्यावर पाच बोटांचे वळ होते, आणि भावाच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. दोन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या वेळी, माझ्या आवाजात, सरळ सांगितल्या होत्या. पुढच्या सेशनला एका मुलीने वही चाळता चाळता "पाच? पाच कशी?" असं म्हटलं आणि खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. तोपर्यंत भावाच्या फाशीचा दिवस ठरला होता. त्यांनी त्याला पकडून दिलं हे मी पुसलं नाही. उलट तीच त्या कॅम्पेनची सगळ्यात जड गोष्ट झाली: निरपराध माणूस त्यांच्या हाताने आत गेला होता, आता त्यांनाच तो बाहेर काढायचा होता.

खुणा किती पेरायच्या, असं नेहमी विचारतात. एका निष्कर्षासाठी निदान तीन, हा डीएम लोकांमध्ये जुना ठोकताळा आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. एखादी खूण खेळाडूंच्या नजरेत भरण्याची शक्यता १०० मध्ये ६५ धरली, तर एकच खूण ठेवल्यावर १०० पैकी ३५ टेबलं कोरडी राहतात. तीन ठेवल्या तर तिन्ही हुकण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के उरते. आपल्याला उत्तर माहीत असतं, म्हणून एक खूणसुद्धा ढळढळीत वाटते. समोरच्यांच्या डोक्यात त्याच वेळी लढाई, लूट, उद्याची परीक्षा आणि गजकचा डबा कोणाकडे आहे हे सगळं चालू असतं. म्हणून तीन. आणि त्या तिन्ही फाशावर लटकवू नकोस, निदान एक तरी फासा न टाकता सांगून टाक.

फाशावरून आठवलं. लपलेली गोष्ट असताना "परसेप्शन (आसपासचं टिपणं) रोल करा" म्हटलं की गोष्ट निम्मी फुटते. रोल कमी आला तरी सगळ्यांना कळतं की इथे काहीतरी आहे, आणि सगळे भिंती चाचपायला लागतात. त्यापेक्षा सगळ्यांचं पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे दहा अधिक त्यांचा बोनस, एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेव. ज्याचा आकडा पुरतो त्याला वर्णनाच्या ओघात सांगून टाक.

आता आपल्या किल्ल्याची गोष्ट सांगते, कारण माझी सगळ्यात चांगली कलाटणी मला तिथे मिळाली. मानमंदिर तू पाहिलं असशीलच. राजा मानसिंग तोमराचा महाल, त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६. वर दोन मजले, खाली तळघराचे दोन, खालचे कक्ष गोल. पुढे मोगलांनी या किल्ल्याचा कैदखाना केला. तळघराच्या भिंतीत भोकं आहेत आणि गाइड सांगतात की त्यांतून एका दालनातून दुसऱ्या दालनाशी बोलत. मी भाच्याला घेऊन गेले होते, तो वर उभा राहून ओरडला आणि खाली माझ्या कानाशी त्याचा आवाज आला की नाही हे आम्ही अर्धा तास तपासत बसलो. घरी येताना डोक्यात एकच विचार होता: भोकातून आवाज खाली येतो, तर खालचा वरही जात असणार.

पुढच्या कॅम्पेनमध्ये तसंच तळघर आलं. गोल खोली, आठ खांब, भिंतीत मुठीएवढी भोकं, त्यांतून येणारी कोमट हवा आणि तेलाच्या दिव्यांचा वास. हे सगळं मी पहिल्याच मिनिटाला सांगितलं. एकाने भोकाला कान लावला, त्याला वरच्या सेनापतीचं बोलणं ऐकू आलं, सगळे खूश. मग तिथेच बसून त्यांनी तासभर हल्ल्याचा बेत आखला. मी एकदाच विचारलं, "हे तुम्ही या खोलीत, अशाच आवाजात बोलताय ना?" हो म्हणाले. वर पोहोचले तेव्हा सेनापती नेमक्या त्यांच्या मागच्या दाराशी उभा होता. दोन क्षण सगळे गप्प. मग कान लावणाराच म्हणाला, "भोकं. आईशप्पथ, भोकं." त्या दिवशी पार्टीतले दोघे जवळपास मेले आणि तरीही त्यांच्यापैकी कोणीही तक्रार केली नाही. तो एक प्रश्न मी विचारला नसता तर तीच गोष्ट अन्याय ठरली असती, कारण खेळाडू टेबलाभोवती बोलतात त्यातलं अर्धं पात्रांच्या तोंडचं नसतं. प्रश्न विचारला म्हणून बिंग फुटेल अशी भीती वाटते. फुटलं तर फुटू दे, ते सावध झाले तर ती त्यांची कमाई.

पेटीच्या रूपात दबा धरणारा राक्षस मिमिक, दहा फुटांचा बोळ तंतोतंत भरणारा पारदर्शक जेलीचा राक्षस जिलेटिनस क्यूब, खालून सरकणारी फरशी हे सगळे एका वेळेचे धक्के. वापर, पण मोजून. मिमिक एकदा चावला की पुढचे दोन महिने प्रत्येक पेटीला दहा फुटी काठीने टोचून पाहिलं जातं, आणि ते टोचणं टेबलावर कोणालाच ऐकायचं नसतं.

आता पिशवी. इथे तुला नियमांचं पुस्तक वाचवत होतं आणि तू ते मिटून ठेवलंस, याची मला खरंच हळहळ वाटली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत काय लिहिलंय ते पाहा. बॅग ऑफ होल्डिंग पोर्टेबल होलमध्ये गेली की दोन्ही वस्तू तत्क्षणी नष्ट होतात, ॲस्ट्रल प्लेन या वेगळ्याच जगाचं दार उघडतं, आणि त्या दारापासून दहा फुटांच्या आतला प्रत्येक जीव त्या प्लेनमध्ये कुठेतरी फेकला जातो. प्रत्येक जीव. म्हणजे हाताने पिशवी घालणाराही. मेज हँडने, म्हणजे जादूच्या हाताने, लांबून टाकेन म्हणेल, तर तो हात दहा पौंडांपर्यंतच उचलतो आणि पिशवीचं वजन आत काहीही असलं तरी पंधरा पौंड. लांबून फेकतो म्हणाला, तर सहा फुटांच्या तोंडात नेम लागतो का हे फाशाने ठरवता येईल. तुझ्या मित्राने आपल्या दोन सगळ्यात मौल्यवान वस्तू आणि बहुधा आपलं पात्रही पणाला लावायचं ठरवलं होतं. बॉस पहिल्याच टर्नला गेला असता, हो. पण अशा गोष्टी लोक दहा वर्षांनी सांगतात. तू राखून ठेवलेली लढाई कोणाला आठवली नसती.

शक्कल नियमाच्या अक्षरात बसत असेल, तर डीएमने शब्द पाळायचा. याचा सगळ्यात सुंदर दाखला आपल्याच किल्ल्यावर आहे. दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे ना, त्याची कथा शीख परंपरेत अशी सांगतात: जहांगीराने गुरू हरगोबिंदांना इथून सोडायचं ठरवलं, पण त्यांनी बरोबरच्या कैदी राजांशिवाय बाहेर पडायला नकार दिला. बादशहा म्हणाला, जेवढे तुमचा अंगरखा धरून येतील तेवढे सुटतील. गुरूंनी बावन्न पदर लावलेला अंगरखा शिवून घेतला, आणि प्रत्येक पदर धरून एकेक असे बावन्न राजे बाहेर पडले. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले. डीएम झाल्यावर मला त्यातला बादशहाही दिसायला लागला. अट त्याने घातली होती, पळवाट त्याला समोर दिसत होती, आणि त्याने दार बंद केलं नाही. "माझा अर्थ तसा नव्हता" असं तो म्हणाला असता, तर सांगायला गोष्टच उरली नसती.

सगळ्याच युक्त्या अशा अक्षरात बसत नाहीत. काही नुसत्याच धाडसी असतात. तिथे मी "हो, पण रोल कर" म्हणते आणि ॲडव्हांटेज देते, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. चौदा किंवा जास्त हवे असतील तर साध्या रोलला ३५ टक्के संधी, ॲडव्हांटेजने ती जवळपास ५८ टक्के होते. डोकं चालवल्याचं बक्षीस मिळतं आणि धाकधूकही राहते. खेळाडूला एवढंच सांगून ठेव की आधी काय साधायचंय ते बोल, कसं ते नंतर. "मी दिवाणखान्यातल्या झुंबराखाली इमूव्हेबल रॉड (हवेत जागच्या जागी खिळणारी जादूची दांडी) लावतो" हे अर्धं वाक्य झालं; "झुंबर पडू नये म्हणून लावतो" म्हटलं की मला निवाडा करता येतो. आमच्याकडे हे खरोखर घडलं. तो रॉड आठ हजार पौंड पेलतो, म्हणजे साधारण ३,६०० किलो. जयविलास महालातलं एकेक झुंबर साडेतीन टनांचं सांगतात, छत पेलेल का पाहायला वर हत्ती चढवल्याची गोष्ट तर सगळ्या ग्वाल्हेरला पाठ आहे. म्हणजे त्या झुंबराला तो रॉड जेमतेम पुरतो, वर एक माणूस लटकला तरी चालेल, दोघे लटकले की मला विचार करावा लागेल. तिथेच जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तिच्यावरची सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. सापळा असा हवा. हात लावून बघावासा वाटणारा, आणि बघितल्यावर समजणारा.

पण माझी सगळ्यात मोठी कलाटणी माझी नव्हतीच. ती मी मुद्दाम सविस्तर सांगते.

वराची पळवाट आपल्या हाडात मुरलेली आहे. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, असा वर हिरण्यकशिपूने मागितला आणि उंबऱ्यावर संध्याकाळी मेला. म्हणून मी एका राजाला वर दिला होता: "माझं मीठ खाल्लेला एक जरी माणूस माझ्या पहाऱ्यावर असेल, तोवर मला मरण नाही." पहारेकरी चारशे. हा वर सगळ्या राज्याला माहीत, पहिल्याच सेशनला दवंडीत ऐकवला. माझं उत्तर ठरलेलं होतं: पार्टीने पहारेकऱ्यांना फोडायचं, एकेक करून पहारा रिकामा करायचा. सहा सेशनचं काम मांडून ठेवलं होतं.

तिसऱ्या सेशनला बाजारात एक मिठाचा व्यापारी आला होता. तो मी फक्त घासाघीस करायला ठेवला होता. तो रडगाणं गात होता की राजवाड्याने सात वर्षांत एक दमडी दिली नाही, सगळं मीठ उधारीवर चाललंय. लोक हसले, आम्ही पुढे गेलो. नवव्या सेशनला पार्टी पहारेकऱ्यांच्या चौकीत पकडली गेली. तलवारी उपसलेल्या, सुटायची वाट नाही. आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा मुलगा म्हणाला, "ताई, त्या व्यापाऱ्याचे पैसे नंतर दिले का कोणी?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग ते मीठ राजाचं कसं? ते तर व्यापाऱ्याचं. यांच्यातल्या कोणीच राजाचं मीठ खाल्लेलं नाही."

माझ्या अंगावर काटा आला. मी चहाच्या निमित्ताने खाली गेले आणि पायरीवर बसून वही उघडली. दोनच गोष्टी पाहायच्या होत्या. टेबलावर उच्चारलेल्या कुठल्या गोष्टीला हे खोटं पाडतंय का? नाही. आणि यामुळे राजा जास्त खरा वाटतो की कमी? जास्त. चारशे माणसांच्या निष्ठेवर जगणारा राजा मिठाचे पैसे बुडवतो, म्हणजे सात वर्षं तो साध्या माणसासारखा मरणाधीन होता आणि त्यालाच ते ठाऊक नव्हतं. माझी सहा सेशनची तयारी वाया जात होती. जाऊ दिली. वर येऊन मी हवालदाराच्या तोंडून एवढंच म्हटलं, "सात वर्षं?" त्याने तलवार खाली केली. त्या रात्री आम्ही पावणेबाराला उठलो आणि कोणाला घरी जायचं नव्हतं.

यातून मी सवय लावून घेतली आहे. सेशन संपल्यावर काय घडलं यापेक्षा कोण काय सहज बोलून गेलं ते लिहून ठेवते. खेळाडूंचे अंदाजसुद्धा. पुष्कळदा त्यांचा अंदाज माझ्या बेतापेक्षा सरस असतो. मात्र कोणी बरोबर ओळखलं म्हणून ट्विस्ट ऐनवेळी बदलायचा नाही. ओळखणाऱ्याने खुणा वाचल्या, त्याला ते श्रेय मिळू दे.

एका जागी मात्र मी आता धक्का ठेवतच नाही: खेळाडूने खेळाडूचा घात करणं. २०१३ साली एका मुलाशी मी गुपचूप ठरवलं होतं की त्याचं पात्र शत्रूचा हेर असेल. शेवटी त्याने पार्टीला विकलं. कथेत ते छान होतं. पण ज्याच्याबरोबर तो रोज कॉलेजला जायचा तो मित्र त्याच्याशी कित्येक महिने बोलला नाही, आणि ती चूक माझी होती. आता हेर ठेवायचा तर टेबलावरच्या सगळ्यांना माहीत असतो, त्यांच्या पात्रांना नसतो. उत्कंठा जराही कमी होत नाही. उलट सगळे मिळून त्या हेराला अडचणीत आणणारे प्रसंग सुचवतात. कॅम्पेनच्या पहिल्या बैठकीलाच कोणाला कोणते विषय टेबलावर नकोत तेही विचारून घे. घरातलं आजारपण, लहान मुलांना इजा, अशा गोष्टींतून कोणालाही धक्का द्यायचा नसतो.

आता तुझं कॅम्पेन. ते संपलं असं मानू नकोस, पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलाव.

आधी सरळ सांग की पिशवीचा निवाडा चुकला, आणि खेळ त्याच क्षणापासून परत सुरू करायचा आहे. मित्राला नियम वाचून दाखव, दहा फुटांचं वाक्यही. मग विचार, अजून करतोस का. तो करेल असं मला वाटतं.

मग एकोणीस. तो रोल खरा धर. तिसऱ्या रविवारी आचार्य खरंच खरं बोलत होते, त्यांना दार बंदच करायचं होतं. शेवटी मुद्रा मागणारा माणूस आचार्य नव्हता. पाचव्या आणि सहाव्या रविवारच्या मध्ये त्यांची जागा दुसऱ्याने घेतली. म्हणजे पहिले पाच रविवार जसेच्या तसे उभे राहतात, मुद्रा अजून दार बंद करायला उपयोगी आहेत, आणि त्या मुलाचा फासा बरोबर ठरतो.

हे आयत्या वेळचं वाटेल, खुणा कुठे आहेत म्हणशील. एक खूण तू नकळत पेरलेली आहेस. ज्या माणसाने पाच रविवार "वेणा" म्हटलं तो सहाव्या रविवारपासून दोनदा "वीणा" म्हणतो. सगळ्या टेबलाने ते ऐकलंय, त्या मैत्रिणीला तर ते लागलंय. तोतया म्हणून डॉपलगँगर, म्हणजे कोणाचंही रूप घेणारा प्राणी, घेऊ नकोस. तो मनातलं वाचतो, नाव चुकला नसता. आचार्यांचा हाकलून दिलेला शिष्य घे, ज्याने पार्टीची माहिती त्यांच्या घाईघाईत लिहिलेल्या वहीतून उचलली. रूप पालटायला हॅट ऑफ डिस्गाइज दे, तिला पगडी कर. त्या जादूने फक्त दिसणं बदलतं, हात लावला की बिंग फुटतं. म्हणून तुझ्या नोंदी काढून बघ: सहाव्या रविवारनंतर आचार्यांना कोणी स्पर्श केला का, कोणी पाया पडलं का? नसेल, तर ती दुसरी खूण. पडलं असेल, तर पगडीऐवजी खरंच शरीर बदलणारी जादू घ्यावी लागेल. तिसरी खूण पुढच्या रविवारी ताजी दे, आचार्यांच्या खोलीत ती वही सापडू दे. तोतयाचं नाव घेऊन सांगू नकोस. वही टेबलावर ठेव आणि त्यांना वाचू दे.

पिशवीवाला मित्र आणि तोतया आता ॲस्ट्रलमध्ये आहेत. त्यांना एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात ठेव. खरे आचार्य कुठे आहेत हे त्या तोतयाला एकट्याला माहीत आहे, आणि त्याला परत यायचं आहे. इकडे बाकीच्यांकडे चार मुद्रा आहेत आणि अर्धवट उघडलेलं दार. आचार्य कुठे आहेत ते आजच ठरवून वहीत लिही, पुढे कोणी ओळखलं तरी बदलू नकोस. आणि ते सापडतील तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला शब्द "वेणा" हाच निघू दे.